आधी किती, मग का

टेकचंद कंपाउंडर केंद्रात आला की माझं डोकं दुखायला लागायचं. इतक्या वर्षांनंतर मी हे लाडाने लिहितो आहे, असं कुणी समजू नये. तेव्हा दुखायचं ते खरोखर दुखायचं, आणि त्यावर गोळीही तोच द्यायचा.

मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा मी अंबरनाथच्या कारखान्यात कारकून होतो. अक्षर बरं आणि घरी मूलबाळ नाही, एवढ्या दोन गुणांवर गावातल्या दारूबंदी समितीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. समितीचं एक संस्कार केंद्र होतं. म्हणजे एक लांबट खोली, दोन कॅरम बोर्ड, एक बाजाची पेटी, दोन वर्तमानपत्रं आणि भिंतीवर एक मोठं चित्र. चित्रात एका दारुड्याच्या पोटातून साप बाहेर येत होता. कामगारांनी संध्याकाळी गुत्त्यावर जाण्याऐवजी इथे यावं, अशी कल्पना होती. कामगार यायचे. कॅरम खेळायचे, साप बघायचे आणि मग गुत्त्यावर जायचे. बदलापूरच्या बाजूच्या रानात नवसागराच्या भट्ट्या लागलेल्या होत्या, आणि माल सायकलच्या ट्यूबमधून येतो हे पोलीस सोडून सर्वांना माहीत होतं.

समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब. इमारती लाकडाचे ठेकेदार. गावात मोटार असलेल्या मोजक्या माणसांपैकी एक, आणि मोटारीच्या मागच्या खिडक्यांना पडदे असलेले एकटेच. भाऊसाहेबांना व्यासपीठ लागत नसे. ते उभे राहत ती जागा व्यासपीठ होई. त्यांचं व्यसनमुक्तीचं तंत्र साधं होतं. माणसाने चार लोकांसमोर उभं राहायचं, छापील प्रतिज्ञापत्र वाचायचं, सही किंवा अंगठा करायचा, आणि 'या क्षणापासून' सुटायचं. दर महिन्याला सुटलेल्यांची संख्या मी वर कळवायची.

समितीला वैद्यकीय सल्लागार असावा, असं वरून पत्र आलं. डॉक्टर कुणी फुकट येईना. शेवटी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका धर्मादाय दवाखान्याने आपला कंपाउंडर मंगळवारी आणि शुक्रवारी देऊ केला. तो हा टेकचंद. उंच, वाकलेला, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके, अंगाला कार्बोलिकचा वास. सायकलवरून यायचा आणि सायकल पायऱ्यांवर अशी आडवी टाकायचा की आत येणारा प्रत्येकजण तिला अडखळावा. मी शंभर वेळा सांगितलं असेल. "हां हां, सेक्रेटरी साईं," म्हणायचा, साईं म्हणजे साहेब, आणि पुढच्या वेळी तिथेच टाकायचा.

सिंधमध्ये तो अठरा वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात होता. कॅम्पातले लोक फाळणीत घर गेलं, शेत गेलं, दुकान गेलं असं सांगत. टेकचंद एवढंच म्हणायचा, "मेरा रजिस्टर उधर रह गया." त्या रजिस्टरात म्हणे तुरुंगात आलेल्या प्रत्येक नशेबाजाची नोंद होती. काय घेत होता, किती घेत होता, बंद केल्यावर कोणत्या दिवशी काय झालं. मी एकदा सहानुभूती म्हणून त्याला रजिस्टराबद्दल विचारलं. दीड तास गेला. पण त्यातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. "अफूवाला मर गया मर गया ओरडतो, आणि मरत नाही. दारूवाला म्हणतो, मी ठीक आहे. तिसऱ्या दिवशी त्याची खाट रिकामी, चादर धुवायला जाते."

तो पहिल्यांदा आला त्या मंगळवारी माझ्यासमोर तुकाराम फिटर बसला होता, शेजारी त्याची बायको सरू. तुकाराम म्हणजे कारखान्यातला सोन्याचा हात. त्याचं काम फोरमन माप न लावता पास करायचा. भजनाला बसला की चाळीतल्या चुली थांबायच्या. आणि प्यायचा तोही तसाच मन लावून. कारखान्याने त्याला दोनदा ताकीद दिली होती. तिसऱ्यांदा ताकीद नसते, फाटक बंद होतं. पदरात दोन मुली होत्या. मी प्रतिज्ञापत्र पुढे केलं, दौत उघडली. तेवढ्यात टेकचंदने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"अदा, हात पुढे करा," तो तुकारामला म्हणाला. अदा म्हणजे सिंधीत भाऊ. तुकारामने दोन्ही हात पुढे केले. टेकचंदने प्रतिज्ञापत्र त्याच्या बोटांवर आडवं ठेवलं. कागद पिंपळाच्या पानासारखा फडफडायला लागला. नुसत्या डोळ्यांना हात स्थिर दिसत होते.

मग तो तुकारामच्या समोर न बसता त्याच्या बाजूला, त्याच बाकावर बसला.

"शेवटची कधी?"

"कशाची?"

"ते आपल्या दोघांना माहीत आहे. मी पोलीस नाही, अदा."

"सकाळी. कामावर जायच्या आधी. थोडीशी."

"थोडी म्हणजे किती?"

"पावशेर."

"आणि दिवसात?"

"दोन. म्हणजे... चार पावशेर."

"सहा," सरूवहिनी जमिनीकडे बघत म्हणाली.

"सहा. बरं. सकाळची नाही घेतली तर?"

"कानस धरवत नाही हातात," तुकाराम म्हणाला. हे सांगताना त्याला पहिल्यांदा लाज वाटलेली दिसली.

मला वाटलं, आता चिटणीसाने काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, "अरे तुकाराम, एवढा गुणी माणूस तू. का पितोस?"

तुकारामने मग सांगितलं. बाप लहानपणी गेला, भावाने बदलापूरची जमीन घशात घातली, मुलगा हवा होता तर दोन्ही मुली झाल्या. सांगताना तो रडला, मीही थोडा रडलो, आणि सरूवहिनी दोघांकडे कंटाळून बघत राहिली. टेकचंद पेन्सिलीने कान कोरत होता.

ती दोघं गेल्यावर तो मला म्हणाला, "सेक्रेटरी साईं, 'का' विचारलं की माणूस गोष्ट सांगतो. चांगली गोष्ट असते, दोघं रडतात, दोघांना वाटतं काम झालं. 'किती' विचारलं की आकडा मिळतो. आधी किती, मग का."

"आणि सही?"

"आज सही केली तर उद्या हा खोटा पडणार. खोटा पडला की तुमचं तोंड चुकवणार. मग मी कोणाला विचारू, किती?"

त्याने तुकारामला सांगितलं होतं की उद्यापासून सहाच्या जागी पाच, दोन दिवसांनी चार, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी येऊन हात दाखवायचे. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. "दारूबंदी समिती माणसाला पाच पावशेर प्यायला सांगते? दामले, हे कुठे लिहू नका." मी म्हणालो, लिहायला जागाच नाही, आपल्या तक्त्यात फक्त सुटलेले मोजतात.

तक्ता हाच आमच्या भांडणाचा विषय. प्रतिज्ञा मोडणाऱ्याच्या नावावर मी तांबड्या शाईने रेघ मारावी, असा भाऊसाहेबांचा नियम होता. तुकाराम हळूहळू शून्यावर आला, सही केली, अकरा दिवस राहिला आणि मग प्यायला. मी तांबडी दौत काढली. टेकचंदने ती उचलून खिडकीत ठेवली.

"किती दिवस उभा होता?" त्याने तुकारामला विचारलं.

"अकरा," तुकाराम पुटपुटला.

"शाब्बास."

"शाब्बास काय?" मी ओरडलो. "तो पडलाय!"

"मग काय, टीबीवाल्याला परत ताप आला तर तुम्ही त्याचं नाव काटता? अदा, बाराव्या दिवशी काय झालं ते सांगा. कोण भेटलं, किती वाजले होते, पोटात काय होतं."

पोटात काही नव्हतं. पगाराचा दिवस होता आणि रस्ता गुत्त्यावरून होता. टेकचंदने सरूवहिनीला सांगितलं की पगाराच्या दिवशी फाटकावर उभं राहायचं, हातात भाकरीचं फडकं घेऊन, तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. ती म्हणाली, "अवाक्षर नाही? कंपाउंडरदादा, त्यापेक्षा तुम्ही मलाच पी म्हणालात तरी सोपं." पण ती उभी राहिली. पुढच्या खेपेला एकोणीस दिवस झाले. मग मेहुण्याचं लग्न आलं, आणि पंधरा दिवसांत स्वारी परत सहावर. मला तर वाटायचं की हा माणूस सिंधमधून आमच्या तक्त्याचा सूड घ्यायलाच आला आहे.

भाऊसाहेबांनी एकदा मोठ्या मनाने त्याला सभेत बोलायला उभं केलं. विषय दिला, 'मद्याचे दुष्परिणाम', वेळ दिली पाच मिनिटं. टेकचंद उभा राहिला आणि म्हणाला, "ज्या भावांना उद्यापासून एकदम सोडायची आहे, त्यांनी सोडू नका. आधी मला भेटा." आणि खाली बसला. टाळ्या इतक्या पडल्या की भाऊसाहेबांच्या भाषणाला उरल्या नाहीत.

मग मुंबईहून एक बडे साहेब केंद्राची पाहणी करायला येणार, असं पत्र आलं. रविवारी सकाळी समारंभ. भाऊसाहेबांना साहेबांसमोर उभा करायला एक मोठा पापी हवा होता आणि तुकाराममध्ये सगळं होतं, नाव होतं, हात होता, गळा होता. त्याने आधी प्रतिज्ञा घ्यायची आणि मग स्वतः भजन म्हणायचं. भाऊसाहेबांनी कारखान्यातल्या ओळखीवर शब्द दिला की समारंभ नीट झाला तर तुकारामची नोकरी पक्की. फक्त साहेबांसमोर तो स्वच्छ असला पाहिजे. म्हणून गुरुवार सकाळपासून तुकाराम केंद्रात राहणार, बाहेरून कुलूप, आत दूध, केळी आणि भजनाची वही. किल्ली माझ्याकडे.

तुकाराम स्वतःहून तयार झाला, हे सांगितलं पाहिजे. "एकदाच काय ते तोडतो, सेक्रेटरीसाहेब," म्हणाला. "थोडी थोडी कमी करत बसणं हे काय पुरुषाचं काम?" आम्हा सगळ्यांना हे वाक्य फार आवडलं. आमच्याकडे सोडण्याचा मानच असा होता की घाव एक, तुकडे दोन.

शुक्रवारी टेकचंद आला. मला कुलूप उघडायला लावून आत गेला आणि लगेच बाहेर आला. "शेवटची कधी?"

"बुधवारी संध्याकाळी," मी म्हणालो.

त्याने बोटांवर मोजलं. "साईं, याला आज कल्याणच्या इस्पितळात न्या. डॉक्टर झोपेचं औषध देतील, सुई देतील, चार दिवसांत उठेल."

भाऊसाहेब तिथेच होते. "इस्पितळात? रविवारी काय त्यांना रिकामी खुर्ची दाखवू?"

"तर मग मोजून थोडी द्या, आणि रोज कमी."

"टेकचंद! या खोलीत?"

"खोली तुमची. माणूस पण तुमचा मेला तर चालेल?"

"बघा, कसा शांत बसलाय तो," भाऊसाहेब म्हणाले. आतून तुकारामनेच आवाज दिला, "मी ठीक आहे!" टेकचंदने माझ्याकडे पाहिलं. मी किल्लीकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी त्याला रविवारपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं आणि मी, चिटणीस या नात्याने, गप्प बसलो. हे वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली आहेत.

शनिवारी दुपारी मी दूध घेऊन गेलो. तुकाराम भिंतीजवळ उभा राहून काम करत होता. हातात काही नव्हतं. नसलेला जॉब नसलेल्या पकडीत घट्ट करत होता, नसलेल्या कानशीने घासत होता, फुंकर मारून कीस उडवत होता. अंग घामाने भिजलेलं. मला म्हणाला, "फोरमनला सांगा, आज शिफ्ट संपवून देत नाहीत." मग चित्रातल्या सापाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि याला बांधा आधी." मी बोलावणं पाठवलं तशी सरूवहिनी धावत आली. तिने बघितलं आणि म्हणाली, "भावजी, ह्यांना लागीर झालंय." भाऊसाहेबांनी निरोप पाठवला की शरीरातलं पाप बाहेर पडतं आहे, उद्या सकाळपर्यंत आवरा.

मी सायकल काढली. तीन नंबर कॅम्पात टेकचंद बराकीच्या ओट्यावर डाळ निवडत होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने सूप खाली ठेवलं. "भिंतीवर काही बघतो?" "हो." "ताप?" "अंग तापलंय." "चला."

वाटेत एकदाही तो म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. त्याचा मला जास्त राग आला.

केंद्रात येऊन त्याने आधी सापाचं चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. खिडक्या उघडल्या. सरूवहिनीला तुकारामच्या उशाशी बसवलं. "एकच माणूस बसा, चेहरा बदलू नका. दर थोड्या वेळाने सांगा, तू अंबरनाथला आहेस, आज शनिवार आहे, मी सरू आहे. भांडू नका. साप नाही म्हणू नका, मी इथे आहे म्हणा." बी-वन जीवनसत्त्वाची सुई दिली. इस्पितळाची गाडी मिळेना. कॅम्पातल्या एका लाकूडवाल्याचा ट्रक पहाटे कल्याणला जाणार होता, तो त्याने ठरवला. पण तिथपर्यंत माणूस टिकायला हवा होता, आणि दवाखान्याचे डॉक्टर सोमवारशिवाय येणार नव्हते.

टेकचंद उठला. "सेक्रेटरी साईं, माझ्याबरोबर चला."

तो मला घेऊन सरळ भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेला. फाटकापाशी मला म्हणाला, "इथे थांबा." आत गेला तो दहा मिनिटांनी बाहेर आला, हातात पिशवी. बाहेरच्या पायरीवर बसून त्याने पिशवीतून एक बाटली काढली आणि नखाने तिचं लेबल खरवडायला लागला. तसली बाटली भट्टीवर मिळत नाही. तसली बाटली मिळते डॉक्टरच्या दाखल्यावर, प्रकृतीच्या कारणासाठी सरकार ज्यांना परमिट देतं त्यांना. अख्ख्या गावात कायदेशीर दारू कुठे आहे, हे मला त्या पायरीवर कळलं.

"दादा, ही कुठून..."

"औषध आहे," तो म्हणाला. "चला."

त्याने औंसाच्या ग्लासने मोजून दिली, नाडी बघून, घड्याळ बघून. पहाटेपर्यंत तुकारामचे हात भिंतीवरून खाली आले. सकाळी ट्रकमध्ये घालताना त्याने बायकोला ओळखलं आणि विचारलं, "भजन कधी आहे?"

समारंभ झाला. साहेबांनी रिकामी खुर्ची पाहिली. भाऊसाहेबांनी 'त्याग' या विषयावर पाऊण तास भाषण केलं.

तुकाराम वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. इस्पितळाच्या डॉक्टरांनी कागदावर आजार लिहिला, त्यामुळे कारखान्याचं फाटक त्याच्यापुरतं उघडं राहिलं. आमच्या समितीने मात्र आठवड्यातच खास बैठक बोलावली. ठराव असा, की वैद्यकीय सल्लागारांनी संस्कार केंद्रात मद्य आणून समितीच्या नावाला काळिमा फासला, सबब त्यांना मुक्त करण्यात येत आहे. ठराव भाऊसाहेबांनी मांडला. लिहिला मी, माझ्या बऱ्या अक्षरात.

"पोलिसांत देत नाही, हे समितीचं औदार्य समजा," भाऊसाहेब म्हणाले. "मद्य आणलंत, हे मान्य आहे?"

"आणलं," टेकचंद म्हणाला.

एका सभासदाने सहज विचारलं, "पण आणलं कुठून?"

खोलीत सगळे टेकचंदकडे बघायला लागले. भाऊसाहेब कॅरम बोर्डाकडे बघत होते. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. एक वाक्य पुरे होतं. मी मनातल्या मनात ते वाक्य तयारही केलं होतं, विरामचिन्हांसकट.

"ते सांगता येत नाही," टेकचंद म्हणाला, आणि उठला.

मी त्याच्या मागे पायऱ्यांवर धावलो आणि त्याच्या सायकलला अडखळलो. "अहो, तुम्ही माणूस आहात की दगड? बाटली त्यांची होती!"

"कोणाची?"

"भाऊसाहेबांची! मी फाटकावर उभा होतो!"

"फाटकावर होते ना? मग आतलं तुम्हाला काय माहीत?"

"तुम्ही लेबल खरवडत होतात!"

"लेबल ओलं होतं."

"एक वाक्य बोलला असतात तर आज ते तोंडावर आपटले असते."

"हां. आणि मंगळवारी कोण आलं असतं माझ्याकडे? साईं, पेशंटचं नाव घेत नाहीत."

मी बाटलीबद्दल बोलत होतो. पेशंट हा शब्द त्याचा. तो निसटला हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण मग तो लगेच सायकलवर बसून निघून गेला. मी तिथेच उभा राहून चिडलो. कुणावर ते नीट ठरवता येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी केंद्र उघडलं. टेकचंद आला. पायऱ्यांपर्यंत आला नाही. समोर वालधुनी नदीवरचा छोटा पूल होता, त्याच्या कठड्यावर बसला. कॅरम खेळणाऱ्यांपैकी एकाने सोंगटी टाकली आणि बाहेर गेला. मग दुसरा. मग पेटी वाजवणारा. तिन्हीसांजेपर्यंत केंद्रात मी आणि दोन वर्तमानपत्रं उरलो. कठड्यावर माणसं एकमेकांच्या बाजूला बसली होती आणि टेकचंद एकेकाजवळ सरकत होता. इस्पितळात तुकारामच्या सोबतीला गेलेल्या सरूवहिनीच्या जागी तिची थोरली मुलगी निरोप घेऊन आली होती. तिच्याशी तो सगळ्यांत जास्त वेळ बोलला.

त्या शुक्रवारच्या आतच माझी बदली झाली, त्यामुळे मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. अंधार पडायच्या आधी माणसं पांगली. पुलाच्या पलीकडे, वळणावर, भाऊसाहेबांची मोटार उभी होती. मागचे पडदे ओढलेले, ड्रायव्हर खाली उतरून पाठ फिरवून विडी ओढत होता. टेकचंद उठला, मागून पायजमा झटकला आणि सायकल ढकलत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"साईं, सायकल बघा जरा," तो म्हणाला, आणि ती पायऱ्यांवर आडवी टाकून मोटारीकडे गेला. मागचं दार आतून उघडलं. तो आत बसला, बाजूला.